मिठांतला सोडियम आणि पिंपांतला सोडियम

ठाण्याहून भिवंडीस जातांना पूर्णा हें गांव लागतें. आतां तेथें व आसपासच्या गांवांत गुदामांच्या रांगाच रांगा आहेत. भिवंडी तालुक्यांतील अशा कित्येक गुदामांत रासायनिक द्रव्यांचीं पिंपें सांठवितात, आणि त्यांना आगी लागल्याच्या वार्ता वाचकांनीं वाचल्या असतीलच. आग दिसली कीं पाणी ओतावें, हा आपला उपजत समज. कांहीं पिंपांच्या बाबतींत मात्र तो प्राणघातक ठरेल. याचें कारण परमाणूच्या रचनेंत आहे.

परमाणूच्या मध्यभागीं धनविद्युत् असलेलें केंद्र व त्याभोंवतीं कवचांकवचांतून ऋणविद्युतेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, असतात. (ते ग्रहांप्रमाणें फिरतात हें चित्र शाळेंत सोयीचें, शास्त्रज्ञांनीं तें केव्हांच सोडलें.) सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी, तर क्लोरीनच्या १७ ची २, ८, ७ अशी. बाहेरच्या कवचांत आठ झाले कीं या परमाणूंस स्वस्थता येते. एकाजवळ एक अधिक, दुसऱ्याला एक उणा; एकानें दिला, दुसऱ्यानें घेतला. देणारा धनभारित, घेणारा ऋणभारित होऊन दोघे परस्परांकडे ओढले गेले. हा आयनिक बंध. १९१६ सालीं कोसेल यांनीं त्याची उपपत्ति मांडली.

कणादांच्या दर्शनांत द्व्यणुक-त्र्यणुकांचा विचार आहे, त्याचा अभिमान अवश्य धरावा. परंतु परमाणु जुळण्याचें आद्य कारण तेथें ‘अदृष्ट’ असें सांगितलें आहे. विद्युत् त्यांत शोधूं नये.

क्लोरीन हा विषारी वायु. १९१५ सालीं बेल्जममधील ईप्रच्या रणांगणावर त्यानें माणसें मारलीं. सोडियम धातु पाण्यास लागतांच हायड्रोजन वायु निघतो व पेटही घेतो. या दोघांचें मीठ मात्र आपण रोज पानांत वाढतों! फरक अवघ्या एका इलेक्ट्रॉनाच्या देवघेवीचा. म्हणून पिंपावर ‘सोडियम’ एवढेंच वाचून थांबूं नये. नुसता धातु आहे कीं त्याचा क्षार, हें पाहिलेंच पाहिजे.

त्याच १९१६ सालीं अमेरिकेंतील लुइस यांनीं दुसरा बंध उलगडला. यांत देणें-घेणें नाहीं. दोन भावांच्या सामाईक विहिरीप्रमाणें इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांच्या मालकीची असते. पाणी, साखर, रंग पातळ करण्याचें टोल्युईन हीं सारीं याच जातीचीं. येथें रेणूच्या आंतील बंध बळकट, परंतु एका रेणूची दुसऱ्याशीं ओढ त्या मानानें दुबळी. मीठ वितळावयास ८०१ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते; टोल्युईन १११ अंशांसच उकळतें, आणि साध्या हवेंतही त्याची पेटणारी वाफ होते. शिवाय तें पाण्याहून हलकें व पाण्यांत न मिसळणारें. जळत्या टोल्युईनवर पाण्याचा झोत सोडला, तर तें पाण्यावर तरंगत शेजारच्या गाळ्यांत जाईल. तेथें फेस हवा.

धातूंत तिसरा प्रकार: बाहेरचे इलेक्ट्रॉन साऱ्या परमाणूंत मोकळे हिंडतात, म्हणून तांब्याच्या तारेंतून वीज वाहते.

आणि सोडियम पेटला तर? त्यावर पाणी नाहीं, फेसही नाहीं. त्यासाठीं जी खास कोरडी भुकटी वापरतात, तिच्या एका प्रकारांत मुख्य घटक असतो तो हेंच आपलें मीठ.