न्हाणीची जाळी उचलून बघा

नरक चतुर्दशीची पहाट. तेल चोळून, उटणं लावून घरातल्या चौघांच्या आंघोळी होतात आणि पाचव्याच्या वेळी पाटाभोवती पाणी साचायला लागतं. त्या दिवशी प्लंबर ‘भाऊबीज झाली की येतो’ म्हणतो, आणि त्यालाही सण आहेच. आमच्याकडे असं झालं तेव्हा मी पहिल्यांदा गुडघे टेकून न्हाणीची जाळी उचलली. पंधरा मिनिटांत पाणी वाहतं झालं. तेव्हापासून हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

जाळीखालच्या खोलगट भांड्याला बांधकामाच्या धंद्यात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी दरपत्रकांतही हाच शब्द असतो आणि त्यात आपली न्हाणी स्वच्छ ऐकू येते. या भांड्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं, तशीच त्याची रचना असते. त्या पाण्यामुळे खालच्या पाइपातला वास आणि झुरळं वर येत नाहीत. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये संडासाच्या नळीला वळण देऊन हीच युक्ती पेटंट केली होती. बरेच दिवस गावाला जाऊन आलं की घराला वास येतो, तो भांड्यातलं पाणी आटल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो.

पण जिथे पाणी थांबतं तिथे गाळही थांबतो. म्हणून घरातलं तुंबणं बहुतेक वेळा लांब पाइपात नसतं, हाताच्या अंतरावर असतं. रबरी हातमोजे घाला, जाळी काढा. काही ट्रॅपमध्ये आत एक उलटी वाटी असते, तीही उचला. हँगरच्या तारेला टोकाशी आकडा करा आणि आत फिरवून ओढा. करड्या, बुळबुळीत दोरासारखं जे बाहेर येतं ते केस, साबण आणि तेल यांचं मिश्रण. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा न विरघळणारा साका होतो आणि तो केसांना धरून बसतो. दिवाळीत त्यावर उटण्याचा थर चढतो. हे सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका, आणि वाटी धुऊन परत बसवा. पाणी हळू जातं म्हणून वाटी कायमची काढून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. मग तिथे वास येतो आणि रात्री झुरळं फिरतात.

स्वयंपाकघरातलं दुखणं वेगळं. तिथे तूप, डालडा आणि कणीक. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, वनस्पती तूप तर त्याहून आधी. त्यामुळे थंडीत सिंक जास्त तुंबतात. परातीला चिकटलेली कणीक आणि भाताची पेज त्या थिजलेल्या चरबीला लुकणासारखी चिकटते. सिंकखाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवा आणि ट्रॅपचा तळाचा कप हाताने फिरवून काढा. चहाचा चोथा, मोहरी, कढीपत्ता, कधी हरवलेला चमचा, सगळं तिथे भेटतं. रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघून कप परत घट्ट करा, आणि थोडं पाणी सोडून सांध्यावरून कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर कप नीट बसलेला नाही.

तरी पाणी हललं नाही तर रबरी पंप. दांड्याचा हा पंप पंचवीस वेळा आपटूनही काही होत नाही असं लोक म्हणतात, कारण आत हवा असते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. रबराची वाटी पूर्ण बुडेल इतकं पाणी आधी साठू द्या. सिंकला दुसरं भांडं किंवा वरचं भोक असेल तर त्यात ओलं फडकं कोंबा. मग जोर वर ओढताना द्या. ढकलल्याने बोळा पुढे घट्ट बसतो, ओढल्याने सुटतो.

उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. हाताला सोसवेल इतकं गरम पुरे. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस बघायला छान, पण ते दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं ते खारट पाणी.

मला खरी काळजी वाटते ती कॉस्टिक सोड्याच्या पुड्यांची. तो चरबीचा साबण करतो हे खरं, पण पाण्यात पडताच प्रचंड तापतो, साठलेल्या पाण्यात कधी दगडासारखा गोठतो, आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. एक पावडर चालली नाही म्हणून वर अ‍ॅसिड ओतणं तर सरळ अपघाताला बोलावणं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरं बंद, खिडकी वीतभर.

घरच्या गणपतीचं बादलीत विसर्जन केल्यावर शाडूचा गाळ मोरीत ओतू नका, कुंडीत घाला. त्या चिकणमातीचा बोळा तारेने निघत नाही.

बेसिनचं पाणी सोडल्यावर न्हाणीतून बुडबुडे येत असतील, तर अडथळा पुढच्या मोठ्या पाइपात आहे. तळमजल्यावर उलटं पाणी येत असेल तर चेंबर भरलंय. इथे आपलं काम संपतं. सोसायटीने मशीनची गाडी बोलवावी. चेंबरमध्ये माणूस उतरवू नये. सुरक्षेच्या साधनांविना गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी आत साठलेल्या वायूने माणसं मरतातच. आणि घरी प्लंबर आलाच, तर त्याने ट्रॅपला हात लावायच्या आधी त्याला सांगा, काल रात्री आत कोणती पावडर टाकली आणि किती. तो खाली झोपून कप फिरवतो तेव्हा त्याचा चेहरा बरोबर त्या पाण्याखाली असतो.