पैशाच्या लिंकमधील छोटी खूण

राजूर कॉलरी असो की वणीचा बाजार, चहाच्या टपरीपासून कापडाच्या दुकानापर्यंत क्यूआर कोडचा चौकोन लागलेला दिसतो. यूपीआयची ही पद्धत मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केली. त्या चौकोनात एक लिंक दडलेली असते. तिची रचना व्यापारी बंधूंनी व कारागिरांनी समजून घ्यावी, कारण प्रश्न आपल्या हिशेबाचा आहे.

लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर येणारा मजकूर म्हणजे एक चिठ्ठीच. 'पीए' म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, 'पीएन' म्हणजे नाव, 'एएम' म्हणजे रक्कम आणि 'टीएन' म्हणजे शेरा. प्रत्येकापुढे बरोबरची खूण व माहिती असते, आणि दोन बाबींच्या मध्ये & ही खूण. खातेवहीत आम्ही रेघ मारून नाव, माल, मीटर व दर वेगळे ठेवतो. तेच काम ही खूण करते.

मग हीच खूण का? वेबपानाच्या भाषेत & ला आणखी एक काम आहे. विशेष अक्षरांचे संकेत तिनेच सुरू होतात. हा घोटाळा टाळण्यासाठी १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये अर्धविरामही स्वीकारावा, अशी शिफारस होती. काहींनी ती मानली, बहुतेकांनी नाही. एकच लिंक दोन यंत्रे दोन प्रकारे वाचू लागली, तर त्यातून लबाडीला वाट मिळते. म्हणून पायथन या संगणकभाषेने २०२१ मध्ये अर्धविराम आपोआप मानणे बंद केले. आज सर्वमान्य खूण & हीच आहे.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. तेथे स्वल्पविराम उलटा काढतात आणि वाचणाराही तो तसाच ओळखतो. खूण कोणती यापेक्षा लिहिणारा व वाचणारा यांची खूण एक असणे महत्त्वाचे.

आता आपल्या कामाची गोष्ट. पुष्कळ दुकानांच्या नावातच & असतो. 'खान & सन्स' तसेच लिंकमध्ये घातले, तर यंत्र 'खान'पाशी नाव संपवते. शेऱ्यात 'सदरा & पायजमा, बिल २१४' लिहिले, तर शेरा 'सदरा' एवढाच उरतो, बिल नंबर गळतो आणि संध्याकाळी कोणाची उधारी फिटली ते कळत नाही. # तर याहून वाईट. त्यापुढचा मजकूर यंत्र वेगळा काढते. रक्कम त्याच्या पुढे असेल तर तीही जाते.

उपाय सोपा आहे. नावात & ऐवजी 'अँड' किंवा 'आणि' लिहावे. खूण हवीच असेल तर तिच्या जागी टक्क्याची खूण व २६ असा संकेत घालावा लागतो. चांगले बिलिंग सॉफ्टवेअर हे आपोआप करते. शेऱ्यात नुसता बिल नंबर ठेवावा. नवा कोड छापण्यापूर्वी दुसऱ्याच्या मोबाइलवरून एक रुपया घेऊन नाव, रक्कम व शेरा तपासावा. शंभर बिले छापल्यावर तपासण्यात काय फायदा?