चित्रांचा जुना डबा

आपल्या घरी आजोबांनी काड्यापेट्यांवरील चित्रे जमवली असतील, मुलाने १९८७च्या विश्वचषकाच्या सुमारास बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची, आणि नातू आज पोकेमॉनची कार्डे जमवीत असेल. अल्झायमरमध्ये अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात. बालपणीच्या बहुधा अधिक काळ टिकतात. म्हणून घर आवरताना चित्रांचा जुना डबा रद्दीत देऊ नये. चित्र आजोबांच्या हाती द्यावे, पण ‘हे काय, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर न सुचण्याची लाज वृद्धांना फार लागते. ‘आजोबा, वाघाचं चित्र देऊन तुम्ही काय घेत होता?’ असे विचारावे. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नये. नातवालाही जवळ बसवावे. अदलाबदलीचा हिशेब त्याला आपल्याहून चांगला कळतो! आजोबा थकलेले दिसताच डबा मिटावा.