वापरेल त्याचा कॅमेरा

१३ मे २०११ रोजी ‘स्टॅनली का डब्बा’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शन अमोल गुप्ते यांचं, छायाचित्रण अमोल गोळे यांचं आणि चित्रीकरण अंधेरीच्या होली फॅमिली शाळेत. दर शनिवारी चार तास मुलांची कार्यशाळा भरायची आणि तिचंच चित्रीकरण व्हायचं. असं जवळपास दीड वर्ष चाललं. आपल्यावर पूर्ण लांबीचा सिनेमा होतो आहे, हे मुलांच्या गावीही नव्हतं. प्रमुख भूमिकेतल्या पार्थो गुप्ते याला पुढे उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे जमलं यात यंत्राचाही वाटा होता. वापरला होता कॅनन सेव्हन डी, म्हणजे दुकानात स्थिरचित्रांसाठी विकला जाणारा डीएसएलआर. क्रेन नाही, रूळ नाहीत, दिव्यांच्या रांगा नाहीत. वर्गात असा कॅमेरा घेऊन कुणी उभं राहिलं, तर मुलं दोन मिनिटं बघतात आणि आपल्या उद्योगाला लागतात. त्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, ३५ मिमी सिनेफिल्मच्या चौकटीच्या बराच जवळ जाणारा. त्यामुळे चेहरा स्पष्ट आणि मागचा फळा धूसर, अशी पूर्वी महागड्या सिनेकॅमेऱ्यालाच साधणारी चौकट या कॅमेऱ्यातून मिळू लागली. मर्यादाही होत्या. एक फाइल चार जीबीची झाली की चित्रण थांबायचं, म्हणजे पूर्ण एचडीत सलग बारा मिनिटांच्या आसपास.

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या वीसेक वर्षांत डीएसएलआर हौसेच्या कपाटातून निघून कामाला लागला. आता कारखान्यांतून त्याची सद्दी संपत आली आहे. अशा वेळी तो विकत घेणं, बाळगणं आणि वापरणं या तिन्हींचा हिशेब मांडायला हवा.

आरशाची गोष्ट

एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर पंचकोनी लोलकात जातो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. लेन्सला जे दिसतं, तेच छायाचित्रकाराला दिसतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, शटरचे पडदे सरकतात, प्रकाश सेन्सरवर पडतो आणि आरसा परत जागेवर येतो. तो ओळखीचा ‘खटाक’ आवाज या सगळ्या हालचालींचा.

फिल्मच्या जागी सेन्सर येण्याची सुरुवात १९७५ सालची. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन यांनी १०० बाय १०० बिंदूंचा डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉन एफ-थ्रीच्या बॉडीवर १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस आणला, किंमत सुमारे २० हजार डॉलर. १९९९ चा निकॉन डी-वन वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी होता. सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात ही गोष्ट आली ती २००३ मध्ये, कॅनन ३००डी एक हजार डॉलरच्या आत उतरला तेव्हा.

मग २००८ साल आलं. आधी निकॉन डी-नाइन्टी आणि पाठोपाठ कॅनन फाइव्ह डी मार्क टू. डीएसएलआरमधून व्हिडिओ निघू लागला. व्हिडिओ चालू असताना आरसा सतत वर उचललेला राहतो आणि डोळ्याला लावायची खिडकी काळीठिक्कर पडते. पाहायचं ते मागच्या पडद्यावर. म्हणजे होली फॅमिली शाळेतला तो सिनेमा आरशाच्या कॅमेऱ्याने, पण आरसा बाजूला ठेवून घेतलेला. पुढे कंपन्यांनी आरसाच काढून टाकला आणि मिररलेस कॅमेरे आणले, त्याची चाहूल अशा चित्रीकरणांत आधीच लागली होती.

आरेतली चार महिन्यांची वाट

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड, दक्षिणेला आरे कॉलनी. उद्यान आणि परिसरात २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ च्या अभ्यासात ४७. ही मोजदाद कॅमेरा ट्रॅपच्या चित्रांवरून होते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते, ती जुळवून एकेक जनावर ओळखतात.

मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी हेच तंत्र वेगळ्या हेतूने वापरलं. आरेतल्या वस्तीत रात्री बिबट्या गल्लीतून जातो आणि तिथल्या वारली कुटुंबांना त्याचं अप्रूप नाही. वाघोबा त्यांच्या देवांपैकीच एक. हे सहजीवन चित्रात यावं म्हणून त्यांनी गल्लीत डीएसएलआर बसवला. अवरक्त किरणाची रेष कुणी ओलांडली की शटर उडेल अशी जोडणी केली. फ्लॅश अशा बेताने लावले की गल्लीतला उजेड रोजच्यासारखाच वाटावा. चौकट अशी धरली की बिबट्या चित्र व्यापून टाकणार नाही, घरांच्या भिंतींइतकाच तो त्या गल्लीचा वाटेल. मनासारखं चित्र मिळायला चार महिने लागले. २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागात ते विजयी ठरलं.

त्या क्षणी कॅमेऱ्यामागे कुणीही नव्हतं. कौशल्य होतं ते बिबट्याचा रस्ता ओळखण्यात, वस्तीचा विश्वास मिळवण्यात, दिव्याची जागा ठरवण्यात. त्यामानाने बॉडीचा क्रमांक किरकोळ. असाच कॅमेरा उपनगरांतल्या कित्येक कपाटांत पडून आहे.

खाडीवरचा उजेड

पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडे, भांडुप उदंचन केंद्राच्या रस्त्यावर हिवाळ्यातल्या रविवारी लांब लेन्सवाल्यांची गर्दी असते. ठाणे खाडीतले रोहित पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत इथे दिसतात. खाडीच्या पश्चिमेकडचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

लेन्स कितीही महाग असली तरी इथे दोन गोष्टी तिचं काही चालू देत नाहीत: भरती-ओहोटी आणि सूर्य. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी चरायला लांब पांगतात. भरती चढते तसे ते काठाकडे सरकतात. मुंबईच्या काठावर उभं राहिलं की खाडी पूर्वेला. सकाळी सूर्य थेट लेन्समध्ये येतो आणि गुलाबी पक्षी काळ्या आकृत्या होतात. इथे दुपार ढळल्यावर उजेड पाठीशी येतो. सकाळचीच वेळ हवी असेल तर पलीकडे ऐरोलीचा काठ गाठावा.

पक्ष्यांच्या छायाचित्रकारांमध्ये लहान सेन्सरचा डीएसएलआर अजून टिकून आहे तो साध्या हिशेबामुळे. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. कॅननच्या लहान सेन्सरवर चौकट १.६ पट अरुंद होते, निकॉनच्या १.५ पट. त्यामुळे ३०० मिमीची लेन्स कॅननच्या लहान बॉडीवर ४८० मिमीसारखी चौकट देते. लांब लेन्सची किंमत बॉडीच्या कित्येक पट असते, त्यामुळे ही बचत मोठी. मोबाइलने सहलीचे आणि वाढदिवसाचे फोटो आपल्याकडे ओढून घेतले, पण पन्नास मीटरवरच्या चिखलात उभा पक्षी त्याला अजून नीट पकडता येत नाही.

लग्नसराईचं गणित

या कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त राबवतं ते लग्न. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत बारा-चौदा तास. मुलुंड-घाटकोपरच्या हॉलमधला पिवळा-निळा मिश्र उजेड, अंतरपाट बाजूला होण्याचा एकच क्षण आणि त्याच क्षणी मध्ये हात घालणारे दहा मोबाइल.

आरशाचा फायदा इथे कळतो. डोळ्याला दिसणारं चित्र थेट प्रकाशाचं असल्याने पाहण्यात बॅटरी जात नाही. जपानी उद्योगसंघटनेच्या ‘सिपा’ चाचणीप्रमाणे निकॉन डी-८५० एका बॅटरीवर १८४० चित्रं घेतो. २०१८ मध्ये आलेल्या निकॉनच्या पहिल्या फुल फ्रेम मिररलेस झेड-सेव्हनचा आकडा ३३० होता. नंतरचे मिररलेस सुधारले, आणि चेहरा किंवा डोळा ओळखून फोकस धरण्यात ते डीएसएलआरच्या पुढे गेले, हेही तितकंच खरं. तरी जुनी बॉडी दुसरी म्हणून बॅगेत असतेच. एका बॉडीवर रुंद लेन्स, दुसरीवर लांब. भर लग्नात लेन्स बदलायची म्हणजे मुहूर्त चुकवायचा.

या धंद्यातली एक कायदेशीर बाब अनेक छायाचित्रकारांना आणि वधूवरांनाही ठाऊक नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७(ब) प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक हा काम देणारा असतो. वेगळा करार असेल तरच चित्र वेगळं. म्हणजे कॅमेरा छायाचित्रकाराचा, नजर त्याची, मेहनत त्याची, तरी करार नसेल तर लग्नाच्या फोटोंवर हक्क यजमानाचा. आपल्या जाहिरातीत ते फोटो वापरायचे असतील तर तसं आधीच लिहून घ्यावं. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व इथे लागू पडत नाही.

खरा शत्रू: जुलै

मुंबईत कॅमेरा चोरीपेक्षा बुरशीने जास्त मरतो. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि बंद कपाटातली काळोखी, कोंदट जागा बुरशीला फारच मानवते. लेन्सच्या आतल्या काचेवर आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, मग कोटिंग खाल्लं जातं. लेन्स उघडून साफ करता येते, पण खाल्लेलं कोटिंग परत येत नाही.

उपाय महाग नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. सामान वाढलं तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. चामड्याच्या पेटीत किंवा कॅमेऱ्याच्या बॅगेतच तो महिनोन्‌महिने ठेवू नये. कापड आणि स्पंज ओल धरून ठेवतात. एसीच्या खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं; अर्धा तास तो बंद बॅगेतच राहू द्यावा. आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वापर. जो कॅमेरा दर आठवड्याला उजेडात येतो, त्याला बुरशी सहसा धरत नाही.

घ्यावा, की भाड्याने आणावा?

‘सिपा’च्या आकड्यांनुसार २०१२ मध्ये जगभर सुमारे १ कोटी ६२ लाख डीएसएलआर कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० मध्ये मिररलेसने त्यांना मागे टाकलं आणि २०२३ मध्ये डीएसएलआरचा आकडा जेमतेम १२ लाखांवर आला. २०२० चा वन डी एक्स मार्क थ्री हाच आपला शेवटचा अग्रगण्य डीएसएलआर असेल, असं कॅननचे प्रमुख फुजियो मिताराई यांनी २०२१ च्या डिसेंबरात सांगितलं.

याचा अर्थ जुन्या बाजारात चांगला माल उतरू लागला आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आणि कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा, त्यामुळे लेन्सचा साठा अफाट आहे. फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा उपनगरातल्या दुकानात जुनी बॉडी घेताना शटर काउंट विचारावा. हा आकडा म्हणजे शटर किती वेळा उडालं त्याची नोंद. कॅनन सेव्हन डीचं शटर दीड लाख वेळा, निकॉन डी-८५०चं दोन लाख, तर वन डी एक्स मार्क थ्रीचं पाच लाख वेळा चालेल अशा हिशेबाने बनवलेलं आहे. त्यानंतर ते लगेच बंद पडतं असं नाही, पण किंमत ठरवायला हा आधार चांगला. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहावी. एफ-१६ वर आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहावी. बॉडीवरचा क्रमांक बिलाशी जुळवावा. नवा माल बिलाशिवाय स्वस्तात मिळत असेल तर वॉरंटी मिळणार नाही, हे गृहीत धरावं. कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे बिल टाळण्यातला मोहही थोडा कमी झाला आहे.

लांब लेन्स वर्षातून चारदाच लागणार असेल तर ती विकत घेऊ नये. सिनेमा-मालिकांच्या कामामुळे अंधेरी पश्चिमेला भाड्याने कॅमेरे देणाऱ्यांचा मोठा व्यवसाय आहे. ओळखपत्र आणि अनामत ठेवून दिवसाच्या बोलीवर लेन्स मिळते. सामूहिक वापर या शहराला नवा नाही. १८५४ मध्ये इथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनने छायाचित्रणाचा वर्ग सुरू केला. त्या वर्गात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. भारतीय छायाचित्रकार इथे घडू लागले ते अशा वर्गांतून आणि मंडळांतून.

म्हणून सल्ला साधा आहे. ज्याला रोज काम आहे त्याने बॉडी जुनी आणि लेन्स उत्तम घ्यावी, कारण बॉडीची किंमत उतरतच जाते, तर जपलेली लेन्स पुढच्या बॉडीलाही उपयोगी पडते. ज्याला वर्षातून चार मोहिमा करायच्या आहेत त्याने भाड्याने आणावा. आणि ज्याच्या कपाटात डीएसएलआर पडून आहे, त्याने तो या दिवाळीत बाहेर काढून चार्ज करावा, लेन्समध्ये टॉर्च मारून बघावं आणि स्वतःला वापरायचा नसेल तर शिकणाऱ्या एखाद्या पोराच्या हाती द्यावा. दोन पावसाळे आणखी कपाटात काढले, तर त्याची धड विक्रीही होणार नाही.