बालजलक्रीडास्थाने

लहान मुलांना पाण्यात खेळता यावे म्हणून सार्वजनिक उद्यानांत केलेल्या सोयी. पोहणे हा त्यांचा हेतू नसतो. पाणी साठविलेले आहे की लगेच निचरून जाणारे, यावरून त्यांचे दोन मुख्य प्रकार पडतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात हा भेद रूढ फ्रेंच नावांतूनच स्पष्ट होतो.

उथळ हौदास तेथे ‘पातोझ्वार’ म्हणतात. ‘पातोझे’ म्हणजे चिखलपाणी तुडवीत चालणे. हे क्रियापद ‘पात’ (प्राण्याचा पाय, पंजा) या शब्दावरून बनले असून अंत्य प्रत्यय स्थल वा साधन दर्शवितो. अगदी थोड्या सेंमी. खोलीच्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते. त्यामुळे अशा हौदावर सतत देखरेख ठेवावी लागते.

दुसऱ्या प्रकारास ‘झ्यो दो’ (पाण्याचे खेळ) म्हणतात. ही संज्ञा मूळची उद्यानकलेतील असून व्हर्सायसारख्या राजोद्यानांतील शोभेच्या कारंज्यांना ती लावीत. मॉरिस राव्हेल या संगीतकाराच्या १९०१ मधील पियानोरचनेचे नावही हेच आहे. जुन्या अर्थाने पाणी खेळते व माणूस पाहतो. नव्या अर्थाने मूल पाण्याशी खेळते. येथे न घसरणाऱ्या फरशीतून व खांबांतून फवारे उडतात आणि पाणी न साचता गटारांवाटे निघून जाते. बऱ्याच ठिकाणी मुलाने खांबावरील कळ दाबल्यावरच फवारे ठराविक वेळ चालतात, त्यामुळे पाण्याची बचत होते.

फ्रान्समधील बॉर्दो येथे २००६ साली झालेला ‘मिर्वार दो’ (जलदर्पण) मुख्यतः शोभेसाठी आहे. सु. ३,४५० चौ. मी. दगडी फरशीवर सु. २ सेंमी. पाण्याचा थर व धुके आळीपाळीने निर्माण होतात. मुलांनी मात्र त्याचे खेळाचे अंगण केले आहे.

पाणी साचत नसल्याने बुडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. परंतु संसर्गाचा धोका उरतोच. काही ठिकाणी नळाचे पाणी एकदाच वापरून सोडून देतात, तर काही ठिकाणी ते भूमिगत टाकीत जमवून, गाळून व क्लोरीन मिसळून पुन्हा फवारतात. दुसऱ्या पद्धतीत मुलांच्या अंगावरील मळ व विष्ठेचे अंश टाकीत उतरतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसारकारक परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराकाठच्या उद्यानातील अशा अंगणामुळे २००५ मध्ये हजारांहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. म्हणून पुनर्वापराच्या पाण्यावर जंबुपार किरणांची प्रक्रिया करणे, अतिसार झालेल्या मुलांना दूर ठेवणे आणि फवाऱ्याचे पाणी न पिणे हे उपाय महत्त्वाचे ठरतात.