लक्षात ठेवायचं काम

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात मार्च महिना एकाच वेळी तिन्हीकडून अंगावर येतो. शेतात उन्हाळ कांद्याची काढणी, बँकेत मार्चअखेर आणि शाळेत परीक्षांची तयारी. इथे दोन पगार आणि शिवाय चार-पाच एकर शेती असलेली घरं गल्लोगल्ली आहेत. असं एक घर डोळ्यांसमोर आणा. तो बँकेत, ती चांदवडकडच्या जिल्हा परिषद शाळेत, घरी सासूबाई आणि लहान मुलगा. दमतात दोघंही. पण रात्री पाठ टेकली की त्याला झोप लागते, ती मात्र जागीच. असं का होतं?

काढणीला आलेल्या मजूर बायकांचा चहा घ्या. सकाळी तो थर्मास मोटारसायकलला अडकवून मळ्यात पोहोचवतो. हे काम सगळ्यांना दिसतं. पण बारा बायका येणार, म्हणजे दूध जास्त लागणार, हे आदल्या संध्याकाळी शाळेतून परत येताना भावडबारी घाटात तिच्या डोक्यात आलेलं असतं. नेहमीच्या गवळ्याकडे नसेल तर कुठून आणायचं, किती आणायचं, हे तिनंच पाहिलेलं असतं. आणि साडेदहाला वर्गावर असताना ‘चहा पोहोचला का?’ हा विचारही तिलाच येतो.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी 2019 साली या न दिसणाऱ्या कामाचे चार टप्पे मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही ते पाहणं. ठरवायला नवरा-बायको दोघं बसतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक बाईकडेच राहतो, असं त्यांना आढळलं. नेमके हेच दोन टप्पे असे आहेत की त्यांना सुट्टी नाही.

हातांनी करायच्या कामाची वाटणीही मुळात विषम आहे. देशातल्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं, तर पुरुषांची 88 मिनिटं आहे. डोक्यातलं हे काम मोजायला घड्याळही नाही. अर्धवट राहिलेली गोष्ट मन सोडत नाही, म्हणून शरीर आडवं झालं तरी मन पहाऱ्यावर राहतं. झोप तुटते, चिडचिड मुलावर निघते आणि मग त्याचंच वाईट वाटून पुन्हा जाग येते.

त्याच्याही मनावर ओझं असतं. कर्जवसुलीचा ताण आणि भाव पडला तर काय, ही धास्ती तो कोणाजवळ बोलत नाही, कारण पुरुषानं बोलायचं नसतं असंच तो ऐकत आला. मग दोघांचं भांडण एका वाक्यावर पेटतं: “सांगितलं असतंस तर केलं असतं.” तो मनापासून म्हणतो. पण सांगणं हेच तर तिचं काम होऊन बसलंय.

नोकरीच्या गावांमधलं अंतर शासन कमी करू शकतं. शिक्षक बदल्यांच्या 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानं 30 किलोमीटरपेक्षा दूर नोकरी करणाऱ्या पती-पत्नींना जवळ येण्यासाठी प्राधान्य दिलं. हे चांगलंच झालं. घरातलं अंतर मात्र घरातच कमी करावं लागतं. त्यासाठी मदत पुरत नाही, अख्खं काम सोपवावं लागतं. मजुरांचा चहा त्याचा, म्हणजे दुधाच्या हिशोबापासून कप परत येईपर्यंत त्याचाच. पहिल्या आठवड्यात चहा उशिरा पोहोचेल. सासूबाई म्हणतील, “त्याला कशाला गं?” तेव्हा उत्तर त्यानं द्यावं: “आई, हे माझ्याकडे आहे.” आणि तिनं फोन करून विचारायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण इतक्या वर्षांची सवय आहे. पण ही विचारपूस थांबल्याशिवाय काम खरंच हातातून सुटत नाही.

एवढं करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर काढणी संपायची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन तिनं करावा, तसाच त्यानंही.