बोबड्या बोलांना उत्तर हवे

पवनी तालुक्यात गोसीखुर्दला वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावे बुडीत क्षेत्रात गेली. माणसे पुनर्वसनाच्या गावठाणांत आली. घर, जमीन, मोबदला यांचे कागद झाले. पण नुकत्याच चालू लागलेल्या पोराचे गाव म्हणजे त्याच्या बडबडीला ओ देणारी माणसे: ओसरीवरचा आजा, शेजारची काकू, तलावावरून मासळी घेऊन येणारा मामा. गाव हलते तेव्हा हे गणगोत पांगण्याची भीती असते, आणि लहान मुलाच्या वाढीत त्याचे मोल फार मोठे आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसत-बोलत खेळते आणि मध्येच दोनेक मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. आई ढिम्म राहिली की तोंड फिरवते, रडते. बोलता न येणारे लेकरूही प्रतिसादाची वाट पाहत असते! आई पुन्हा हसली की बाळ सावरू लागते. म्हणून कामाच्या रगाड्यात कधी दुर्लक्ष झाले तर आईने स्वतःला दोष देऊ नये. पुन्हा जवळ घेणे, पुन्हा बोलणे, यातच मुलाला आधार मिळतो.

भाषेचेही तसेच. २०१८ मध्ये अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूची चित्रे घेतली गेली. मोठ्यांशी ज्यांचे आळीपाळीने बोलणे जास्त होते, त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसला. कानावर नुसते किती शब्द पडले, यापेक्षा संवादाच्या फेऱ्या मोलाच्या ठरल्या. मोबाइलवरचे गाणे पोराच्या प्रश्नासाठी थांबत नाही. ‘हे का आहे, माय?’ असे वैनगंगेकाठच्या झाडीबोलीत विचारणाऱ्याला झाडीबोलीतच उत्तर द्यावे. त्यासाठी प्रमाण मराठीची किंवा इंग्रजीची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे फक्त सुखवस्तू घरांपुरते आहे का? जमैकातल्या किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांनी याचे उत्तर दिले आहे. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली. काहींना पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाई आणि घरगुती खेळणी वापरून बाळाशी कसे खेळावे, बोलावे हे आईला दाखवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी घरभेटी मिळालेल्यांची कमाई, त्या न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. पोटभर खाणे हवेच, पण तेवढे पुरत नाही.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. पाने, बिया, शंख-शिंपले हेच शिकण्याचे साहित्य. मुलाच्या ओळखीच्या जगातून सुरुवात करायची, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे. (चिंचोके, बिया मात्र तीन वर्षांखालच्यांच्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात.)

आज अंगणवाडीतले पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीच्या मुलांना मुख्यतः घरपोच आहार आणि लस मिळते, आणि मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो तो नेमका याच वयात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात सेविकेच्या घरभेटींना महत्त्व आहे. वैनगंगेकाठी त्याची खरी कसोटी धानाच्या रोवणीत लागेल. बाया दिवसभर चिखलात असतात, लेकरू आजीपाशी किंवा थोरल्या बहिणीपाशी. म्हणून खेळ कसा घ्यावा हे आजीला दाखवायला हवे, आणि संध्याकाळी घरी असलेल्या बापालाही. वजन, आहार, नोंदी यांतून सेविकेला त्यासाठी मोकळा तास मिळाला पाहिजे. तो तिच्या कामाच्या वेळेतच धरला जावा, वरचा भार म्हणून नव्हे.